शिवीचे उत्तर आणि आपले साहित्य

वसईत होळीवर राहणाऱ्या माणसाला मराठी वेगळी शिकावी लागत नाही. बाजारात मासळीवाली, भाजीवाली आणि आमच्या घरच्या बायका मराठीतच घासाघीस करतात. त्याच मराठीत कधी तरी आपल्याला शिवीही ऐकावी लागते. बाजारातल्या भांडणात ती ऐकणे वेगळे आणि सरकारी टेबलापलीकडून ऐकणे वेगळे. बाजारात आपण दोन शब्द सुनावू शकतो. टेबलापलीकडच्या माणसाच्या हातात आपला कागद असतो.

काही वर्षांपूर्वी वडिलांच्या नावातली चूक दुरुस्त करण्यासाठी मी एका कार्यालयात गेलो होतो. कारकून म्हणाला, “तुमचे जुने कागद पाकिस्तानातूनच मागवा की.” आणि वर आपल्या जमातीसाठी मराठीत जो शब्द आहे, तोही त्याने जोडला. रांगेतले चाचा हळूच म्हणाले, “जाऊ दे बेटा, काम करून घे.” मी हसलो. कागद घेतला आणि घरी आलो. रात्री एक लेख लिहिला. त्यात शिवरायांच्या सैन्यातले मुसलमान होते, १९६५ च्या युद्धातला अब्दुल हमीद होता, संतपरंपरेतला शेख महंमद होता. फक्त तो कारकून नव्हता आणि तो शब्दही नव्हता.

आपल्या साहित्याविषयीची माझी तक्रार इथूनच सुरू होते. १९९० मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपण पुष्कळ लिहिले. पण अपमानाचा प्रसंग आला की आपली लेखणी दोनच वाटा धरते. एक विलापाची, दुसरी दाखल्याची. विलापात प्रसंग धूसर होतो. कोण बोलला, कुठे बोलला, काय बोलला ते वाचकाला कळत नाही. दाखल्यात आपण निष्ठेची प्रमाणपत्रे मांडतो. ज्याने शिवी दिली त्याला जाब विचारायचा सोडून आपणच जबाब देत बसतो. अब्दुल हमीद शहीद झाला नसता, तरी मला माझा कागद सभ्यपणे मिळायला हवा होता.

या तुलनेत एक रूक्ष सरकारी दस्तऐवज पाहा. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण आयोगाने १९९८ मध्ये अहवाल दिला. त्यात ९०० मृतांची नोंद आहे. त्यांपैकी ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. पोलिसांत, विशेषतः खालच्या पातळीवर, मुसलमानांविषयी मुळातच आकस होता, असा निष्कर्ष त्यात स्वच्छ नोंदवला आहे. त्याच दंगलीतले पोलिसांच्या बिनतारी यंत्रणेवरचे संभाषण पुढे छापून आले. दूध आणि शिधा घेऊन ट्रक आल्याची खबर मिळताच, ‘यांना’ दूध कशाला, असा सवाल त्यात आहे. ‘यांना’च्या जागी आला आहे तो शब्द थेट ‘लांड्या’. तो शब्द आणि दूध शेजारी शेजारी ठेवले की शिवीचा अर्थ कळतो. ज्याला ती दिली, त्याच्या मुलाला दूध मिळू नये, असा तो अर्थ आहे. आपल्या शंभर कवितांनी जे केले नाही, ते या नोंदीने केले.

दलित लेखकांना हे आपल्या आधी उमगले होते. १९७८ च्या ‘बलुतं’पासून त्यांनी गाव, माणूस आणि बोललेला शब्द जसाच्या तसा कागदावर उतरवला. जातीवरून चारचौघांत केलेला अपमान १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याने गुन्हा ठरला. आपल्यासाठी तसा कायदा नाही. ‘मियाँ-तियाँ’, ‘पाकिस्तानी’ असे म्हणणे असभ्य असले, तरी धार्मिक भावना दुखावण्याचा गुन्हा त्याने होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हटले. त्या प्रकरणात अपमान झाला होता तो झारखंडमधल्या एका सरकारी उर्दू अनुवादकाचाच. पण त्याच न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये, बंगळुरूतल्या एका वस्तीला ‘पाकिस्तान’ म्हणणाऱ्या कर्नाटकच्या न्यायमूर्तींची स्वतःहून दखल घेतली होती आणि भारताच्या कोणत्याही भागाला असे म्हणता येणार नाही, असे बजावले होते. न्यायमूर्तींनी खेद व्यक्त केला. ते घडले कारण त्यांचे बोलणे चित्रफितीत टिपले गेले होते.

म्हणून मी नोंदीवर जोर देतो. तारीख, वेळ, हुद्दा, बोललेला शब्द, साक्षीदार. मग वरिष्ठांकडे लेखी तक्रार आणि तिचे पुढे काय झाले याचा माहिती अधिकारात अर्ज. राज्याच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांत कर्मचाऱ्याने न शोभणारे वर्तन करू नये, हे लिहिलेले आहेच. हे काम क्षुल्लक समजू नका. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई गाडी आपल्याच पालघर जिल्ह्यातून जात असताना रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाने आपल्या वरिष्ठाला आणि तीन मुसलमान प्रवाशांना गोळ्या घातल्याचा आरोप आहे. त्यांतला एक प्रवासी आपल्या नालासोपाऱ्याचा होता. त्या डब्यातल्या चित्रफितीतही ‘पाकिस्तान’ हा शब्द ऐकू येतो. तो शब्द त्या पहाटे जन्मला नव्हता.

एक गोष्ट आपल्याही घरातली. पिंजारी, कसाई, जुलाहा ही नावे आपण कोणत्या सुरात उच्चारतो? हमीद दलवाईंनी ‘इंधन’मध्ये (१९६५) आपल्याच माणसांना आरशासमोर उभे केले, तेव्हा आपण आरशावरच रागावलो. दुसऱ्याची शिवी नोंदवणाऱ्या हाताने आपलीही नोंदवली, तरच त्या नोंदीला वजन येईल.

माझा तो जुना लेख मी फाडून टाकला आहे. चाचा आज हयात नाहीत. त्यांनी मला काम करून घ्यायला सांगितले होते, ते चुकीचे नव्हते; कागद गरजेचाच होता. पण काम झाल्यावर पायरीवर बसून चार ओळी लिहून काढणे माझ्या हातात होते, आणि ते मी केले नाही.