सी. रामचंद्र आणि हिंदी चित्रपटगीतातील रॉक अँड रोल : एक चिकित्सा

हिंदी चित्रपटसंगीतातील पाश्चात्य प्रभावाचा विषय निघाला की चर्चा बहुधा राहुलदेव बर्मन यांच्या ‘तीसरी मंझिल’ (१९६६) पासून सुरू होते. त्याआधीचा कालखंड ‘मेलडीचे सुवर्णयुग’ या एका शिक्क्याखाली गुंडाळला जातो. या मांडणीत ज्यांच्यावर सर्वाधिक अन्याय झाला ते संगीतकार म्हणजे सी. रामचंद्र तथा रामचंद्र नरहर चितळकर (१९१८-१९८२). ‘आशा’ (१९५७) या चित्रपटातील ‘ईना मीना डीका’ हे गीत हिंदी चित्रपटातील रॉक अँड रोलचे आद्य उदाहरण म्हणून सांगितले जाते. परंतु हा उल्लेख गमतीदार माहितीच्या पातळीवरच राहतो. ‘अनारकली’चे (१९५३) सी. रामचंद्र थोर आणि ‘आशा’चे सी. रामचंद्र गल्लाभरू, अशी सोयीची विभागणी मराठी समीक्षेनेही फारशी तपासलेली नाही.

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील पुणतांबे हे त्यांचे जन्मगाव. विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे गांधर्व महाविद्यालयात त्यांनी गायनाचे शिक्षण घेतले. नंतर मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये हार्मोनियमची साथ, काही तमिळ चित्रपटांचे संगीत आणि भगवानदादांच्या ‘सुखी जीवन’पासून (१९४२) हिंदीत स्वतंत्र कामगिरी असा त्यांचा प्रवास झाला. म्हणजेच पाश्चात्य वळणाची गाणी करणारा हा संगीतकार रागदारीच्या तालमीतून आलेला होता. ही बाब केवळ चरित्रात्मक नाही. तिचा संबंध पुढील विवेचनाशी आहे.

रॉक अँड रोल अमेरिकेत सर्वदूर पसरला तो १९५५-५६ च्या सुमारास, बिल हेली व एल्व्हिस प्रेस्ली यांच्या ध्वनिमुद्रिकांमुळे. ‘आशा’ त्यानंतर एक-दोन वर्षांतच आला. त्यामुळे ‘तिकडे आले, इकडे उचलले’ असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. मात्र सी. रामचंद्र यांनी ‘शहनाई’ (१९४७) व ‘पतंगा’ (१९४९) या चित्रपटांतील हलक्याफुलक्या गीतांतून आणि ‘अलबेला’तून (१९५१) जवळजवळ दहा वर्षे जॅझ, स्विंग व लॅटिन ठेक्यांची घडण आत्मसात केली होती. अमेरिकेतील रॉक अँड रोलही कृष्णवर्णीयांच्या ब्लूज व स्विंगच्या परंपरेतूनच फुटला. एका मुळाची शाखा मुंबईत थोड्या निराळ्या दिशेने वाढली, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरते.

ही शाखा मुंबईत रुजली कशी? १९३५ मध्ये लिऑन ॲबे यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला आणि शहरात जॅझचे पर्व सुरू झाले. गोव्यातील चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेले वादक त्या वाद्यवृंदांत शिरले आणि तेथून चित्रपटांच्या ध्वनिमुद्रण कक्षांत आले. हळदोणे गावचे ट्रंपेटवादक अँटोनियो झेवियर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, हे सी. रामचंद्र यांचे साहाय्यक होते. ‘अलबेला’च्या पडद्यावरही त्यांचा वाद्यवृंद दिसतो. ‘ईना मीना डीका’मध्ये कोकणी शब्दांची भर गोव्याच्याच जॉन गोम्स यांनी घातल्याचे सांगितले जाते. चाल संगीतकाराची, परंतु तिचे वाद्यसंयोजन व नाद या मंडळींचा. श्रेयनामावलीत त्यांना मिळालेले स्थान मात्र तोकडे आहे. सी. रामचंद्र यांना ‘आद्य’ म्हणताना हे एकवचन अपुरे पडते, हे मान्य करावे लागते.

‘ईना मीना डीका’ किशोरकुमार व आशा भोसले यांच्या आवाजांत स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित झाले. गीतकार राजेंद्रकृष्ण. मुलांच्या खेळातील निरर्थक बडबडीवरून मुखडा सुचल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. निरर्थक शब्दांमुळेच या गीताला उथळ ठरविण्यात आले. पण तराण्यात निरर्थक बोल नसतात काय? तबल्याचे व कथ्थकचे बोल अर्थावर चालत नाहीत, नादावर चालतात. पटवर्धनबुवांच्या शिष्याला जॅझमधील निरर्थक अक्षरांचे गायन परके वाटण्याचे कारण नव्हते. तीच गोष्ट सवाल-जबाबाची. मुख्य गायकाने ओळ टाकावी व साथीदारांनी ती झेलावी, ही रॉक अँड रोलमधील रीत गोंधळ, तमाशा पाहिलेल्या मराठवाड्यातील श्रोत्याला झीलकऱ्यांमुळे आधीच परिचित होती. परभणीसारख्या जिल्ह्यात ताजमहाल हॉटेल नव्हते, पण वरातीचा बँड होता. ट्रंपेट व क्लॅरिनेट गावोगावी पोहोचले ते त्याच वाटेने. ‘अलबेला’तील ‘भोली सूरत’ आजही वरातीत वाजते, यामागे हा वाद्यांचा सारखेपणाही आहे.

तथापि गौरव करताना अतिशयोक्ती टाळावयास हवी. या गीतात जोर ब्रास वाद्यांचा आहे. रॉक अँड रोलला पुढे ज्या इलेक्ट्रिक गिटारने ओळख दिली ती येथे केंद्रस्थानी नाही. ‘समाधी’तील (१९५०) ‘गोरे गोरे’ हे तर सरळसरळ ‘चिको चिको’ या परदेशी गीतावर बेतलेले आहे. तेथे बचावाला जागा नाही. उचल आणि आत्मसात करणे यांतील फरक त्यांच्याच दोन गीतांतून दाखविता येतो. शिवाय अमेरिकेत हे संगीत तरुणांच्या बंडाची भाषा झाले. हिंदी चित्रपटात ते विनोदी प्रसंगाचे व क्लबच्या दृश्याचे संगीत राहिले. ती मर्यादा संगीतकाराइतकीच चित्रपटाच्या कथानकांची होती.

सी. रामचंद्र यांनी हा मार्ग पुढे फारसा चालविला नाही. ‘नवरंग’ (१९५९), १९६३ चे ‘ऐ मेरे वतन के लोगों’ आणि मराठीतील ‘घरकुल’ (१९७०) ही त्यांची पुढील कामे निरनिराळ्या प्रकृतीची आहेत. वाट मात्र इतरांनी रुंद केली. ‘गुमनाम’मध्ये (१९६५) शंकर-जयकिशन यांनी क्लबचे जे गीत रचले त्यात गिटार निःसंकोचपणे पुढे आली, आणि पुढल्याच वर्षी ‘तीसरी मंझिल’ आला.