आघात कोणत्या शब्दावर?

नटाची संवादफेक चांगली की वाईट, हे आपण बहुधा उच्चारावरून ठरवतो. आम्ही उर्दू माध्यमात शिकवणारी माणसे तर तलफ्फुजच्या बाबतीत फारच काटेकोर. ‘कलम’चे ‘खलम’ झाले की आमच्या कपाळावर आठी पडते. परंतु प्रत्येक शब्द शुद्ध उच्चारूनही नट वाक्याचा अर्थ फिरवू शकतो, इकडे आमचे लक्ष जात नाही.

साधे वाक्य घेऊ. ‘मी सलीमला पैसे दिले नाहीत.’ ‘मी’वर जोर दिला, तर दुसऱ्या कोणी तरी दिले. ‘सलीमला’वर दिला, तर पैसे दुसऱ्याच कोणाला मिळाले. ‘पैसे’वर दिला, तर दिले ते काही वेगळेच. आणि ‘दिले’वर जोर पडला, तर पैसे सलीमकडे गेले खरे, पण कोणी न देता गेले, असा संशय उभा राहतो. एक अक्षरही न बदलता सलीम चोर ठरतो.

मराठीत जोर दाखवण्याची साधने भरपूर आहेत. ‘सलीमने चहा केला’ आणि ‘चहा सलीमने केला’ यांत शब्द तेच. पण क्रियापदाच्या अगदी आधी आलेला शब्द साधारणतः वजन घेतो. शिवाय ‘च’ आहेच. आमच्या जालना जिल्ह्यातल्या मुस्लिम घरांत बोलली जाणारी दखनीही हा ‘च’ मराठीकडून घेऊन बसली आहे. ‘उसनेच बोला’ म्हणणाऱ्या मुलाला आघात म्हणजे काय, हे निराळे शिकवावे लागत नाही. तो त्याच्या जिभेवर आहे. पाठ केलेली मराठी ओळ म्हणताना मात्र तो नेमका हरवतो.

विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ (१९६७) या नाटकाचे नावच पाहा. ‘कोर्ट’वर जोर दिला तर ती साधी सूचना. ‘चालू’ हा शब्द जरा लांबवला, तर हे कोर्टच लबाड आहे, असा दुसरा अर्थ डोकावतो. आणि बेणारेबाईंभोवती रचलेल्या त्या खोट्या खटल्याला तो लागूही पडतो. हिंदीत हे नाटक ‘खामोश! अदालत जारी है’ झाले. ‘जारी’ला कितीही जोर द्या, तो अर्थ निघत नाही.

तेंडुलकरांच्याच ‘सखाराम बाइंडर’मध्ये (१९७२) दाऊद आरतीत सामील होतो. तो मुसलमान म्हणून लक्ष्मी त्याला अडवते आणि सखाराम तिला मारतो. अडवताना लक्ष्मीचा जोर ‘मुसलमान’ या कल्पनेवर पडला, तर ती निव्वळ द्वेष्टी ठरते. तोच आरतीच्या पावित्र्यावर पडला, तर एका भाविक बाईची भीती दिसते. सखारामचेही तसेच. त्याचा संताप मित्राच्या अपमानाचा, की आपल्या घरात आपला शब्द न चालल्याचा? आमच्या मते लेखकाने लक्ष्मीला खलनायिका केलेले नाही आणि सखारामला सुधारकही केलेले नाही. एका चुकीच्या आघाताने दोघेही तसे होऊन बसतात.

यावर उपाय अवघड नाही. आधीच्या पात्राने काय म्हटले, ते नटाने वाचावे. जे बोलून झाले आहे त्यावर जोर नको. जे नवे आहे त्यावर हवा. अनेक नट फक्त स्वतःचीच वाक्ये पाठ करतात. मग आघात कुठेही पडतो.

आम्हांला याचे महत्त्व अधिक वाटते, त्याला कारण आहे. ‘आमचा शेजारी मुसलमान आहे, चांगला माणूस आहे.’ या वाक्यात ‘पण’ कुठेही नाही. नटाने ‘मुसलमान’वर जोर देऊन क्षणभर थांबावे आणि मग ‘चांगला’वर जोर द्यावा, की न लिहिलेला ‘पण’ सगळ्या प्रेक्षागृहाला ऐकू येतो. लेखकाने न लिहिलेला हा शब्द छापील संहितेत शोधून सापडणार नाही. म्हणून समीक्षकाने नाटक वाचावे तसे ऐकावेही. आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांकडून नाटुकले बसवून घेणाऱ्या आपण शिक्षकांनी तर आधी ऐकावे.