सोने न तोलता दिले? बार्बोझाचे सोफाळा-वर्णन कसे वाचावे

पूर्व आफ्रिकेच्या मध्ययुगीन सुवर्णव्यापाराबद्दल वाचताना दुआर्ते बार्बोझा हे नाव तुम्हाला हमखास भेटेल. हा पोर्तुगीज अधिकारी कण्णूरला होता. हिंदी महासागराच्या किनाऱ्यांचे वर्णन त्याने सु. १५१६ मध्ये लिहिले. सोफाळ्याविषयी (आजच्या मोझांबिकमधील बंदर) तो सांगतो ते थोडक्यात असे : किल्वा, मोंबासा, मालिंदीहून लहान गलबते येत, त्यांत खंबायतचे सुती व रेशमी कापड आणि करडे, तांबडे, पिवळे मणी असत. किनाऱ्यावरचे व्यापारी सोने तोलून देत; आतल्या बेनामेतापा राज्यातले लोक मात्र मालाच्या बदल्यात ते न तोलता देत.

यावरून ‘भोळ्या लोकांनी मण्यांपायी सोने घालवले’ असा निष्कर्ष काढला जातो. काच शिकवताना मीही हा किस्सा वर्गात गमतीने सांगत असे. आता सांगत नाही. का, ते पाहा.

पहिला मुद्दा मोलाचा. आमच्या कोरमंगलातला सराफ सोने मिलिग्रॅमपर्यंत तोलतो, कारण इथे ते दुर्मिळ आहे. झिंबाब्वेच्या पठारावर सोने घरचे होते; मणी मोसमी वाऱ्यांवर समुद्र ओलांडून, पुढे दूरची वाट पायी तुडवून येत. मापुंगुब्वेच्या तेराव्या शतकातील प्रतिष्ठितांच्या दफनांत सोने आणि काचमणी एकत्र सापडले आहेत.

दुसरा मुद्दा कारागिरीचा. सोफाळ्याचे विणकर खंबायतचे निळे कापड उसवून तो धागा आपल्या पांढऱ्या सुतासोबत पुन्हा विणत, असे बार्बोझा नोंदवतो. कारण देतो, त्यांना रंगवता येत नव्हते. निरीक्षण मोलाचे आहे, कारणमीमांसा तोकडी. मापुंगुब्वेजवळच्या के-२ या त्याहून जुन्या वस्तीत आयात मणी वितळवून, मातीच्या साच्यात मोठे मणी घडवत. म्हणजे आलेला माल त्यांच्या दृष्टीने कच्चा माल होता.

तिसरा मुद्दा आपल्या किनाऱ्याचा. बार्बोझा इथे फक्त खंबायतचे नाव घेतो. पण रायगड जिल्ह्यातील चौल येथे मिळालेले काचमणी आणि पूर्व आफ्रिकेतील काही मणी यांची रासायनिक घडण जुळते. लेखी साधन जिथे गप्प राहते, तिथे प्रयोगशाळा बोलते.

म्हणून बार्बोझा टाकाऊ ठरतो का? नाही. मण्यांचे रंगसुद्धा त्याने टिपले आहेत, आणि मधल्या व्यापाऱ्यांचा नफा मोठा होता हेही खरे. पण पोर्तुगीजांनी १५०५ मध्ये सोफाळ्याला कोट बांधला होता. हे सोने त्यांना हवे होते. हे वर्णन त्या बाजूने लिहिलेले आहे, एवढे लक्षात ठेवून वाचा.

स्वाध्याय : तुमच्या पाठ्यपुस्तकातील ‘मण्यांच्या बदल्यात सोने’ अशा अर्थाचे एक वाक्य शोधा. त्यातले निरीक्षण कोणते आणि लेखकाचे मत कोणते, ते वेगळे लिहा.