रिकामा रिव्ह्यू कसा वाचायचा?

फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना सिगारेट सोडायला नर्स कशी मदत करू शकते, असा विषय घेताय? मग कॉक्रेनचे दोन रिव्ह्यू शेजारी ठेवून वाचा.

राइस आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये सर्व प्रकारच्या लोकांवरचे ४४ अभ्यास एकत्र केले. सहभागी २० हजारांहून जास्त. नर्सच्या मदतीने सिगारेट सुटण्याची शक्यता २९ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ही वाढ सापेक्ष आहे बरं का, शंभरातले २९ जण नव्हेत! झेंग आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये फक्त फुफ्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण घेतले, तर निकषात बसणारी एकही रँडमाइज्ड ट्रायल सापडली नाही.

इथेच घसरायला होतं. कुणी पहिला आकडा थेट कॅन्सर वॉर्डात नेतो, कुणी दुसऱ्यावरून ‘उपयोग नाही’ लिहून मोकळा होतो. पण पुरावा नसणं म्हणजे परिणाम नसणं नव्हे.

पुरावा जमवणंही सोपं नाही. ‘स्वतःच ओढवून घेतलं’ या अपराधी भावनेने रुग्ण ‘सोडली’ असं सांगून टाकतो. पडताळायला कोटिनिन मोजावं, तर निकोटिनच्या पॅचमुळेही ते आढळतं. श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजावा, तर तो जेमतेम गेल्या काही तासांचं सांगतो. तेव्हा ‘सोडली’ म्हणजे काय, ते प्रस्तावातच ठरवा.

आणि तुलनेसाठी कुणालाही मदतीविना ठेवू नका. नर्स प्रत्येक केमोला रुग्णाला भेटतेच. एकदाच सल्ला द्यायचा की दर भेटीत पाठपुरावा करायचा, ही तुलना करा. ट्रायल संपेपर्यंत थांबायला या रुग्णांकडे वेळ नसतो.