न सांगितलेल्या इतिहासाचे पापनिवेदन

२६ जानेवारी हा आपला प्रजासत्ताक दिन. ऑस्ट्रेलियाचाही तो राष्ट्रीय दिन आहे. कारण १७८८ साली याच तारखेला, बंदिवानांना घेऊन आलेल्या ब्रिटिश ताफ्याने सिडनीच्या किनाऱ्यावर निशाण रोवले. वसई, मुंबई, गोवे येथून तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांना हा दिवस चांगला परिचयाचा आहे, कारण नागरिकत्वाचे शपथविधी अनेक ठिकाणी याच दिवशी होतात. तेथील आदिवासींनी मात्र १९३८ साली, त्या घटनेला दीडशे वर्षे पूर्ण होत असताना, सिडनीत सभा भरवून तो शोकदिन म्हणून पाळला. एकाच तारखेचे हे दोन अर्थ ज्यांना समजून घ्यावयाचे असतील त्यांनी हेन्री रेनल्ड्स यांचे 'व्हाय वेअरन्ट वी टोल्ड?' (१९९९) हे पुस्तक अवश्य वाचावे. 'आम्हाला कोणी सांगितले का नाही?' हा शीर्षकाचा आशय.

रेनल्ड्स यांचा जन्म १९३८ साली टास्मानियातील होबार्ट येथे झाला. शाळेत आणि विद्यापीठात इतिहास शिकूनही आपल्याच भूमीवर आदिवासींशी झालेल्या संघर्षाविषयी आपण जवळजवळ अनभिज्ञ राहिलो, याची कबुली ते आरंभीच देतात. १९६५ साली क्वीन्सलँडमधील टाउन्सव्हिल येथे अध्यापनासाठी गेल्यावर त्यांचे डोळे उघडू लागले. मानववंशशास्त्रज्ञ स्टॅनर यांनी १९६८ च्या आकाशवाणी व्याख्यानांत या विस्मरणाला 'ऑस्ट्रेलियाचे थोर मौन' असे नाव दिले होते. रेनल्ड्स यांनी ते मौन दप्तरखान्यात बसून तपासले आणि त्यांच्या हाती एक विलक्षण गोष्ट लागली. एकोणिसाव्या शतकातील वसाहतवाले मुळीच गप्प नव्हते! जुनी वर्तमानपत्रे, पत्रव्यवहार, सरकारी कागद यांत सरहद्दीवरील लढाईची उघड चर्चा होती. मौन आले ते नंतर, विसाव्या शतकात, जेव्हा राष्ट्राला स्वतःची शांत व निष्कलंक जन्मकथा हवी झाली. माझ्या मते पुस्तकाचे खरे मर्म येथे आहे. अज्ञान हे केवळ अज्ञान नसते, ते पुष्कळदा परिश्रमपूर्वक घडवलेले असते, हे लेखक कागदोपत्री दाखवून देतो.

सर्वांत हृद्य भाग एडी माबो यांच्याविषयीचा आहे. टोरेस सामुद्रधुनीतील मेर बेटाचे हे गृहस्थ विद्यापीठात माळीकाम करीत. दुपारच्या सुटीत रेनल्ड्स आणि त्यांचे सहकारी नोएल लूस यांच्या खोलीत ते गप्पा मारावयास येत, आपल्या कुळाच्या जमिनीविषयी अभिमानाने बोलत. कायद्याच्या दृष्टीने ती जमीन सरकारजमा आहे, तुमची नाही, हे सांगण्याचा अवघड प्रसंग या दोन प्राध्यापकांवर आला. माबो अवाक् झाले. त्यांना ते खरेच वाटेना. नाबोथाचा द्राक्षमळा आपण प्रवचनांतून किती वेळा ऐकला असेल. परंतु आपला मळा हिरावला गेला आहे हेच ज्याला ठाऊक नाही अशा नाबोथाची गाठ येथे प्रथमच पडते. १९८२ मध्ये माबो व त्यांचे सोबती न्यायालयात गेले. ३ जून १९९२ रोजी उच्चतम न्यायालयाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने, ही भूमी स्वामीहीन होती हा सिद्धांत फेटाळला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती जेरार्ड ब्रेनन यांचे. आदिवासींच्या भूमिहक्कांसाठी झटणारे येशूसंघीय धर्मगुरू फादर फ्रँक ब्रेनन हे त्यांचेच चिरंजीव. माबो मात्र निकालापूर्वी काही महिने, जानेवारीतच, निवर्तले होते.

रेनल्ड्स यांची भाषा साधी, क्वचित रुक्ष आहे. जुन्या कागदांतील उतारे ते एकापाठोपाठ एक असे मांडतात की वाचक थकतो. त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. इतिहासकार जेफ्री ब्लेनी यांनी १९९३ मध्ये अशा लेखनाला दंडावरील काळ्या फितीची उपमा दिली. कीथ विंडशटल यांनी २००२ मध्ये टास्मानियाच्या इतिहासावर ग्रंथ लिहून रेनल्ड्स व इतरांचे आकडे आणि तळटिपा खोट्या ठरविण्याचा प्रयत्न केला. सरहद्दीवर सुमारे वीस हजार आदिवासी मारले गेले असावेत हा रेनल्ड्स यांचा १९८१ चा अंदाज अंदाजच होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु न्यूकॅसल विद्यापीठाने २०१७ पासून हत्याकांडांचा स्थळवार नकाशा प्रसिद्ध केला आहे, तो पाहिल्यावर मूळ प्रतिपादनाला बाध येतो असे मला वाटत नाही.

माझा आक्षेप निराळा आहे. पापनिवेदनापूर्वी आपण सदसद्विवेकबुद्धीची तपासणी करतो, मग पश्चात्ताप, मग कबुली; पण भरपाई उरतेच. हे पुस्तक पहिल्या तीन पायऱ्यांवर अत्यंत प्रामाणिक आहे. चौथीपाशी ते घुटमळते. शिवाय सारी कथा गोऱ्या माणसाच्या जागृतीची आहे. माबो यांच्यासारखा अपवाद सोडल्यास आदिवासी बहुधा साक्षीदार म्हणून येतात.

आणि आपणा ख्रिस्ती वाचकांना हे पुस्तक वाचून दुसऱ्याकडे बोट दाखवता येणार नाही. १८४६ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात आलेले स्पॅनिश बेनेडिक्टाइन रोसेंदो साल्वादो यांनी आदिवासींच्या चालीरीती व भाषा आस्थेने नोंदविल्या; त्यांच्या आठवणी १८५१ मध्ये रोम येथे इटालियनमध्ये छापल्या गेल्या. त्याच न्यू नॉर्सिया मठाच्या आवारात पुढे आदिवासी मुलांना आईबापांपासून दूर ठेवणारी वसतिगृहेही चालली. मुलांच्या ताटातुटीवरील १९९७ च्या शासकीय चौकशी अहवालाने चर्चच्या संस्थांचा सहभाग स्पष्टपणे नोंदविला आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २९ नोव्हेंबर १९८६ रोजी अ‍ॅलिस स्प्रिंग्ज येथे आदिवासींना सांगितले होते, की त्यांचे योगदान आनंदाने स्वीकारले जात नाही तोवर तेथील चर्च ख्रिस्ताला अभिप्रेत असे चर्च होणार नाही. त्या भाषणाशेजारी तो अहवाल ठेवून वाचणे सोपे नाही.

२००८ साली पंतप्रधान केव्हिन रड यांनी संसदेत क्षमा मागितली. १४ ऑक्टोबर २०२३ च्या सार्वमतात, संसदेला सल्ला देणारे आदिवासींचे मंडळ राज्यघटनेत असावे हा प्रस्ताव सुमारे साठ टक्के मतदारांनी नाकारला. आता 'आम्हाला सांगितले नाही' ही सबब कोणालाच उरलेली नव्हती. रेनल्ड्स यांनी २०२१ मध्ये 'ट्रुथ-टेलिंग' हे पुस्तक लिहिले आहे. सार्वभौमत्वाचा जो प्रश्न माबो निकालाने बाजूस ठेवला, तोच त्यांनी तेथे हाती घेतला आहे.