स्थलांतरित बालकाची स्थलनिष्ठा : ज्युडिथ कर यांची कादंबरीत्रयी

भूमीविषयीची ओढ एकनिष्ठच असावयाची, असे गृहीत स्थलांतरविषयक वाङ्मयाचा विचार करताना नकळत स्वीकारले जाते. ज्या मुलास लहानपणीच दोन-तीन देश बदलावे लागले, त्याची ओढ मग विभागलेली आणि म्हणून दुबळी ठरते. ज्युडिथ कर (१९२३–२०१९) यांची 'व्हेन हिटलर स्टोल पिंक रॅबिट' (१९७१) ही कादंबरी या गृहीतास उत्तर देते. तथापि ते उत्तर कितपत पुरे आहे, हे पुढील दोन भाग वाचल्याखेरीज ठरविता येत नाही.

कादंबरीस आत्मचरित्राचा आधार आहे. लेखिकेचे वडील आल्फ्रेड कर हे बर्लिनमधील ख्यातनाम नाट्यसमीक्षक, ज्यू आणि नाझींचे उघड टीकाकार होते. मार्च १९३३ च्या निवडणुकीच्या तोंडावर हे कुटुंब जर्मनीबाहेर पडले आणि स्वित्झर्लंड व पॅरिसमार्गे अखेर लंडनला पोहोचले. कादंबरीतील नऊ वर्षांची ॲना निघताना नवा खेळण्यातला कुत्रा बरोबर घेते आणि जुना गुलाबी ससा मागे ठेवते. आपण लवकरच परतणार, अशी तिची समजूत असते. पुढे घरातील चीजवस्तू जप्त होते. 'देश' ही कल्पना मुलाच्या आवाक्याबाहेरची असते; ससा तसा नसतो. गमावलेले बर्लिन तिला प्रथम कळते ते त्या सशाच्या रूपाने.

नव्या स्थळाशी नाते जुळते ते भाषेच्या द्वारे. मनात जुळवाजुळव करून बोलणारी ॲना पॅरिसमध्ये एके दिवशी सहज फ्रेंच बोलू लागते. पुढे तिच्या ज्या फ्रेंच निबंधास पारितोषिक मिळते, त्याचा विषय असतो वडिलांचा बर्लिनमधून पलायनाचा प्रवास. एका देशाचे दुःख दुसऱ्या देशाच्या भाषेत नांदू लागते. आपण कोणत्याही एका ठिकाणचे पूर्णपणे होणार नाही, परंतु अनेक ठिकाणचे थोडे थोडे होऊ, हा पित्याने दिलेला दिलासा अशा प्रसंगांमुळे पटतो.

मात्र हा दिलासा देणारा कोण, हे पाहणे आवश्यक आहे. मुलीला नवी भाषा वश होते; पित्याला मात्र लंडनमध्ये तेथील भाषेत आपली लेखणी चालविता येत नाही. 'द अदर वे राउंड' (१९७५) या दुसऱ्या भागात लंडनमधील त्याचे दारिद्र्य हे मुख्यतः भाषा हरपलेल्या लेखकाचे दारिद्र्य आहे. मनाने पुरता इंग्रज झालेल्या मॅक्सला, म्हणजे ॲनाच्या भावाला, १९४० मध्ये शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून स्थानबद्ध केले जाते. 'थोडे थोडे' होण्यास वय अनुकूल असावे लागते आणि त्या देशाची संमतीही असावी लागते. पहिल्या भागातील निवेदन मुलीच्या दृष्टीची मर्यादा कटाक्षाने पाळते. त्यामुळे वडीलधाऱ्यांनी मोजलेली किंमत तेथे सूचितच राहते.

'अ स्मॉल पर्सन फार अवे' (१९७८) मध्ये १९५६ साली प्रौढ ॲना बर्लिनला येते, ती आईने केलेल्या आत्महत्येच्या प्रयत्नामुळे. सासुरवाशिणीचे माहेर दुरावले तरी ते तिची वाट पाहत असते. ॲनाच्या बर्लिनमध्ये वाट पाहणारे कोणी नाही. तरीही तिच्या ठायी तेथील लहान मुलगी अद्याप जिवंत आहे. शीर्षकातील दूरची चिमुकली व्यक्ती ती हीच.

पहिली कादंबरी सुटी वाचून तिला निर्वासितांची आशावादी कथा ठरविणारा वाचक अर्धेच सत्य हाती घेतो. अनेक देशांशी नाते जडू शकते, आणि ते दुबळेही नसते, हे ती सिद्ध करते. परंतु नवे नाते जुन्या नात्याची जागा घेत नाही. ते त्याच्या शेजारी राहते. लंडनमध्ये घर थाटलेल्या ॲनाच्या मनातून बर्लिनमधील ते मूल हलत नाही, हेच या त्रयीचे सांगणे होय.