कुण्डिका, चंद्रकुंभ आणि माठ

कोरियन मृत्पात्रांवर लिहिताना खांदा, कंबर आणि मान यांच्या सौंदर्यापाशीच थांबण्याची रीत कलासमीक्षेत रुळली आहे. आम्हांस ती अपुरी वाटते. ‘फुलदाणी’ म्हणून मिरविले जाणारे रुंद खांद्याचे ‘मेब्योंग’ घ्या. मादो बेटाजवळ बुडालेल्या गलबतातून 2010 मध्ये अशी पात्रे वर आली, तेव्हा सोबतच्या बांबूच्या पट्ट्यांवर मध व तिळाचे तेल अशी नोंद आढळली. फुलांचा पत्ता नाही!

पालि अभ्यासकास कुण्डिका अधिक बोलकी वाटते. खांद्यावरील तोटीतून पाणी भरावयाचे, वरच्या निमुळत्या नळीतून ओतावयाचे. सातव्या शतकात भारतात राहिलेल्या इत्सिंगने भिक्खूंच्या जलपात्रांतील भेद नोंदविला आहे : पिण्याचे शुद्ध पाणी मातीच्या पात्रात, शौचाचे धातूच्या. कोर्यो राजवटीत (918–1392) कुण्डिका काशात आणि हिरव्या झिलईच्या मातीतही घडली. 1123 साली तेथे गेलेल्या शू जिंग या चिनी दूताला ती सामान्य गृहस्थांच्या घरीही दिसली. पुढे चोसोन राजवटीने धम्माचा राजाश्रय काढून कन्फ्यूशियसचे आचार रूढ केले, तशी कुण्डिका मागे पडली. यास केवळ अभिरुचीचा पालट म्हणणे म्हणजे विहारांवर जे गुदरले ते झाकणे होय.

पांढरा ‘चंद्रकुंभ’ मात्र कुंभाराच्या अडचणीतून जन्मला. एवढा मोठा गोल चाकावर एकसंध उभा राहत नाही, कोसळतो. म्हणून दोन अर्धगोल जोडले गेले. सांधा पोटावर दिसतो. हीच अडचण आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडील कुंभाराने निराळ्या रीतीने सोडविली. चाकावरून जाड घडा उतरवावयाचा आणि आतून गोट्याचा आधार देत, बाहेरून थापीने ठोकत त्याचे पोट वाढवावयाचे. तळ गोलच राहिला, कारण घडा चुंबळीवर, बाईच्या डोक्यावर बसावयाचा होता. चंद्रकुंभास जमिनीवर उभे राहण्यासाठी बैठक लागली.

मज्झिमनिकायातील घटीकार कुंभार हा कस्सप बुद्धाचा अग्र उपासक. तो आपल्या मडक्यांची किंमतही सांगत नसे, ज्याने त्याने तांदूळ-मूग ठेवून हवे ते न्यावे. तिपिटकाने कुंभाराला नाव दिले. कलाग्रंथ मात्र त्याच्या हातांविषयी क्वचितच बोलतात. भद्रावतीस विजासन लेण्यांतील बुद्धमूर्ती पाहावयास आमचे वाचक जातातच. त्याच गावी ग्रामोदय संघाने कुंभारकामाचे शिक्षण दिले. परतताना तेथील एखाद्या माठात हात घालून पाहावा. गोट्याचे खळगे बोटांना लागतात.